एक्केचाळीस नंबरची हजेरी

घरातलं शेंडेफळ म्हणून तिला सगळे बारकी म्हणत. अंगानंही ती पहिल्यापासून काडीपैलवानच, त्यामुळे कॉलेजच्या दुसऱ्या वर्षी तिचं चार किलो वजन उतरलं तरी कुणाच्या लक्षात आलं नाही.

दुखणं मोठं लबाड होतं. डाव्या हाताच्या बोटांना मुंग्या यायच्या, आवाज बसायचा, लांबची अक्षरं पुसट व्हायची. अर्ध्या तासानं बरंचसं जागेवर. डॉक्टरांसमोर बसलं की काहीच नाही.

"पोरी, तुझे रिपोर्ट माझ्यापेक्षा चांगले आहेत," डॉक्टर म्हणाले. "एक कर. काय होतं, किती वाजता होतं, ते वहीत लिहून ठेव."

वसतिगृहाच्या खोलीत सोबतीला ढापणी होती. भिंगाचा जाड चष्मा, म्हणून ढापणी. बारकी पहिल्यांदा जिन्यात चक्कर येऊन बसली तेव्हा हिनंच तिला धरून वर आणलं होतं, अंगावर पांघरूण घातलं होतं. "तू पड. तुझी हजेरी मी लावते. तुझा एक्केचाळीस काय नि माझा बावन्न काय, सर कुठे मान वर करून बघतात?" हजेरी पंच्याहत्तर टक्के भरली नाही तर परीक्षेला बसू देत नसत. अशी मैत्रीण मिळायला नशीब लागतं, असं बारकी आईला फोनवर सांगायची. दुखण्याबद्दल मात्र अवाक्षर काढायची नाही. "त्यांच्या जिवाला उगाच घोर कशाला?" हेही ढापणीनंच बजावलं होतं.

तीन आठवड्यांनी एका दुपारी बारकी वही घेऊन बसली. सोमवार, दहा वाजून दहा मिनिटं. मंगळवार, अकरा वाजून दहा. बुधवारी दोनदा. रविवार कोरे. मधे प्रयोगशाळेच्या दुरुस्तीसाठी दोन दिवस सुट्टी होती, तेही कोरे. समोरच्या भिंतीवर वेळापत्रक चिकटवलेलं होतं. पलंगावरून ते वाचता येईना, म्हणून ती उठून जवळ गेली आणि एकेक रकाना बोटानं ताडून पाहू लागली. प्रत्येक तास सुरू झाल्यावर दहा मिनिटांनी. म्हणजे हजेरी घेतात तेव्हा.

तिला स्वतःचंच हसू आलं. विज्ञानाची विद्यार्थिनी आणि डोक्यात हे असलं खूळ! तरी संध्याकाळी ढापणी आल्यावर ती म्हणालीच, "उद्यापासून माझी हजेरी लावू नकोस. पडली कमी तर पडू दे."

"बरं."

"शप्पथ?"

"शप्पथ गं बाई," ढापणी हसून म्हणाली. तिच्या नाकावर चष्मा नव्हता.

"चष्मा कुठाय तुझा?"

"लागत नाही आताशा."

दुसऱ्या दिवशी बारकी मुद्दाम खोलीतच राहिली. घड्याळ समोर ठेवून मोठ्यानं पाढे म्हणत बसली. बरोबर दहा वाजून दहा मिनिटांनी, "बे चोक"वर तिचा आवाज गेला. ओठ हलत होते, आठ काही ऐकू आले नाहीत.

बोटांच्या मुंग्या परवडल्या. ती शपथ जास्त झोंबली. जिच्या खांद्यावर डोकं टेकवून रडले, तिनंच केसानं गळा कापावा? आवाज परतल्यावर तिनं पहिला फोन आईला लावला.

"आई, मला बरं नाही. खूप दिवसांपासून. तू ये."

"अगं, मग आधी सांगायचं नाही का? उद्या दुपारी पोचते. खोलीतच थांब."

पण सकाळी ती वर्गात गेली. ढापणीला रंगेहाथ पकडायचंच होतं. शेवटच्या बाकावर बसली.

"एक्केचाळीस," सर म्हणाले.

बारकीनं तोंड उघडलं.

"येस सर," तिसऱ्या बाकावरून तिचाच आवाज आला. शेवटचा र जरा गिळलेला. बाबा ज्यावरून तिला चिडवायचे, तोच.

कधी मान वर न करणारे सर आज वर बघून हसले. "आता तब्येत कशी आहे?"

"बरी आहे सर," ढापणी म्हणाली. तिनं मागे वळून पाहिलं नाही.

"बावन्न."

कुणी बोललं नाही.

"बावन्न?"

शेजारच्या मुलीनं बारकीला कोपर मारलं. "अगं, तुझा नंबर!"

ती तशीच उठून बाहेर पडली. किती तरी वेळ व्हरांड्यातल्या बाकावर बसून राहिली. मग भिंतीला धरून दोन जिने चढायला फार वेळ लागला. पायऱ्या नीट दिसत नव्हत्या. खोलीचं दार उघडंच होतं.

आई पलंगावर बसली होती. ढापणीचा डावा हात मांडीवर घेऊन एकेक बोट चोळत होती.

"आई," बारकी म्हणाली. आवाज घोगरा, परका निघाला.

आईनं वर पाहिलं आणि सरकून तिला जागा करून दिली. "ये बाळ, बस. तू हिची मैत्रीण ना? फार आजारी असतेस म्हणे. किती उतरलंय तोंड! घरी कळवलंस का?"

बारकीनं ढापणीकडे पाहिलं. ढापणी खिडकीबाहेर बघत होती.

"नसशील कळवलं. दे, आईचा नंबर दे. मी बोलते त्यांच्याशी."

बारकीला एकच नंबर पाठ होता, समोर बसलेल्या आईचा. तिनं तो आईच्या डोळ्यांत बघत, सावकाश सांगितला. आईनं एकेक आकडा दाबला. तिचा हात कुठे अडखळला नाही. तिनं फोन कानाला लावला.

पलीकडून कुणीतरी उचलला.

"नमस्कार," आई म्हणाली. "तुमच्या मुलीबद्दल जरा बोलायचं होतं."