नातेवाईक बाहेर

"मोरीत पाय घसरला असं सांगू नकोस हं! दवाखान्यातल्या गिरिजा सिस्टर त्यावर विश्वास ठेवत नाहीत. कुकरचं झाकण उडालं म्हण..."

सुनेच्या सुजलेल्या गालावर सरूबाई बर्फ फिरवत होत्या. पाच महिन्यांची गर्भार सुरुची भिंतीला टेकून बसली होती. मुर्धा गावातल्या त्या दोन खोल्यांत रात्री मुलाचा, शिवाचा आवाज चढला, तेव्हा सरूबाईंनी आधी खिडकी लावून घेतली होती. झाकली मूठ सव्वा लाखाची! नवऱ्यामागे चार घरची भांडी घासून वाढवलेला एकुलता एक पोटचा गोळा... त्याला पोलिसांच्या हवाली करायचं? आपलेच दात अन् आपलेच ओठ!

भाईंदरच्या प्रसूतिगृहात सरूबाई अकरा वर्षं आया होत्या. तपासणीच्या खोलीत बाईला एकटीलाच घ्यायचं, हा तिथला नियम, आणि तो पाळायचं काम त्यांचं. "नातेवाईक बाहेर!" या त्यांच्या हाकेसरशी किती नवरे, किती सासवा निमूट बाकावर जाऊन बसत. आज मात्र केसपेपर हातात धरून त्या स्वतःच सुनेमागून आत शिरल्या. ही आपली सून, हे त्यांनी तिथे कुणालाच सांगितलं नव्हतं.

"घरात कुणी हात उचलतं का?" सिस्टरांनी विचारलं. इथे येणाऱ्या प्रत्येकीलाच त्या हे विचारत.

सुरुचीनं सरूबाईंकडे पाहिलं. "नाही... कुकरचं झाकण उडालं."

पढवलेलं वाक्य पोरीनं जसंच्या तसं म्हटलं होतं.

"कधी कुणी गळा दाबलाय? हे विचारतेय, कारण त्यानंतर पुढच्या खेपेला बाई जिवानिशी जाते, असं फार वेळा होतं."

सुरुचीचा हात नकळत गळ्यावरच्या ओढणीकडे गेला... आणि सरूबाईंच्या काळजात चर्र झालं! गळा? हे तर त्यांना ठाऊकच नव्हतं! शिवा पोटात असताना त्यांच्याही गळ्यावर अशीच नवऱ्याची बोटं रुतली होती. तेव्हा डॉक्टरीणबाईंनी विचारलं होतं, आणि सासू शेजारी बसली होती म्हणून त्यांनी पदर ओढून घेतला होता. आज सासूच्या त्याच जागी त्या स्वतः उभ्या होत्या... अरेरे, केवढं हे पातक!

"सिस्टर," त्यांना हुंदका आवरेना, "मी हिची सासू आहे. मला बाहेर काढा!"

सिस्टर उठायच्या आत त्या स्वतःच बाहेर आल्या आणि दार लावून पाठ टेकून उभ्या राहिल्या.

थोड्याच वेळात शिवा तरातरा जिना चढून आला.

"आई, एवढा वेळ काय चाललंय आत? ती काय बोलतेय? बाजूला हो."

"नातेवाईक बाहेर."

"डोकं फिरलंय का तुझं? नवरा आहे मी तिचा!"

"आणि मी सासू. मी पण बाहेरच आहे, शिवा."

तो अगदी जवळ आला. हळू आवाजात म्हणाला, "संध्याकाळी घरी या दोघी. मग बघतो."

ते डोळे त्यांच्या ओळखीचे होते. तीस वर्षांपूर्वी नवऱ्याच्या याच डोळ्यांना भिऊन त्या गप्प राहिल्या होत्या. आज मात्र दार त्यांनी सोडलं नाही.

मागून दार किलकिलं झालं. "सरूबाई, सुरुची तुम्हाला बोलावतेय. तुम्हालाच फक्त."

त्या आत गेल्या आणि कडी लावली. सुरुचीची ओढणी मांडीवर होती. गळ्यावर चार निळ्या खुणा स्पष्ट दिसत होत्या.

"आई... मी सगळं खरं सांगितलं."

"बरं केलंस गं लेकरा! तुला खोटं बोलायला मीच शिकवलं, मला क्षमा कर..." सरूबाईंनी तिला पोटाशी धरलं. मग पदरानं डोळे पुसून त्या सिस्टरांकडे वळल्या.

"लिहा सिस्टर. तो हिला मारताना मी डोळ्यांनी पाहिलंय. साक्षीला माझं नाव घाला."

"सरूबाई, तो तुमचा मुलगा आहे..."

"म्हणून तर माझंच नाव घाला!"

बाहेरून दारावर धाडकन लाथ बसली. सिस्टरांनी फोन उचलला. सरूबाईंनी सुनेचा हात घट्ट धरला आणि दाराकडे पाठ करून त्या आपलं नाव सांगू लागल्या.