मुक्या लेखकाची खुर्ची

थोरा आणि एमॉसची पहिली गाठ पडली ती अमेरिकेतल्या डुलुथ शहराच्या वाचनालयाच्या दारात. बाहेर बर्फाळ पाऊस... दोघांनी एकदमच दार ओढलं आणि थोराच्या कादंबरीची पानं एमॉसच्या चिखलाळ बुटांवर.

"टीकाकार बरेच पाहिले," ती दमल्या आवाजात म्हणाली, "पण थेट तुडवणारा पहिलाच."

तो इतका ओशाळला, की पानं पुसता पुसता त्याने ती आणखीच मळवली.

दोघंही निघाले एकाच लेखक-मंडळाचे नवे सभासद. तिथला नियम खाष्ट होता. ज्याची गोष्ट, त्याने तोंड शिवून बसायचं. बाकीचे चिरफाड करणार, त्याने गिळायची आणि शेवटी फक्त एक प्रश्न विचारायचा.

आता हिवाळा सरत आला होता. दिवसभर दवाखान्यात फोन उचलून आणि प्रकाशकांचे नकार पचवून थोरा पार पिचली होती. आज गोष्ट एमॉसची होती. ती झाली की मंडळाला 'आता बास' सांगायचं आणि घर गाठायचं, ते परत न येण्यासाठीच, असं ठरवून ती आली होती.

गोष्ट एका बस ड्रायव्हरची निघाली. तो हिवाळाभर एका थकलेल्या बाईसाठी हीटरजवळची जागा राखतो, पण बोलत काहीच नाही. एक दिवस ती कायमची उतरून जाते. संपली गोष्ट.

थोराने हळूच खाली पाहिलं. तिची खुर्ची... हीटरजवळची. दर वेळी ती येईपर्यंत त्या खुर्चीवर एमॉसचा कोट पडलेला असायचा. ती समजत होती, माणूस वेंधळा आहे.

तिचा शिणवटा जरा बाजूला सरला. समोर गडी तोंड शिवून बसलेला. अशी संधी कोण सोडतं?

"भाषा ठीक," ती सावकाश म्हणाली. "पण नायक निव्वळ ठोंब्या. बाई रोज त्याच बसला का येते, एवढंही कळत नाही त्याला? आणि शेवट तर... आळशीपणा आहे नुसता."

एमॉसचे कान लालबुंद झाले. मंडळ चालवणाऱ्या बर्निसबाई हसू दाबत म्हणाल्या, "हं, विचार बाबा तुझा प्रश्न."

त्याने घसा खाकरला. "ती... उतरली नसती का? त्याने विचारलं असतं तर?"

थोराने खुर्चीच्या पाठीवरचा त्याचा कोट ओढून गुडघ्यांवर घेतला.

"दमलेय रे मी," ती म्हणाली. "कशाला उतरू?"