तीन महिने पाणी बंद

पांढऱ्या आमरीच्या कांडीवर जिथे फूल यायला हवं, तिथे दरवर्षी छोटं रोपच का फुटतं? इरावतीला हे कोडं दोन वर्षं सुटलं नव्हतं.

ही आमरी, म्हणजे सह्याद्रीतलं जंगली ऑर्किड, सांगलीतल्या अकराव्या मजल्यावरच्या त्यांच्या घरी दत्तक आली होती. आंबोलीचं एक केंद्र अशी रोपं मुलांना सांभाळायला देई. अट एकच होती. तीन वर्षांत फूल आलं नाही, तर रोप परत. मुदत येत्या फेब्रुवारीअखेर संपणार होती.

नोव्हेंबरात भास्करआजोबा आले. ते इरावतीच्या आईचे वडील, निवृत्त वनस्पतिशास्त्रज्ञ. भिंग लावून त्यांनी काचपेटीतली आमरी न्याहाळली.

"हिची देखभाल कोण करतं?"

"मी," घरातला यंत्रमानव ढब्बू पुढे सरकला. "चोवीस अंश तापमान. रोज सकाळी सातला पाणी. पावणेतीन वर्षांत एकही खाडा नाही."

"शाबास. म्हणूनच फूल नाही."

ढब्बूचा दिवा दोनदा लुकलुकला. इरावतीला हसू आलं.

"उसाच्या कांडीवर काय असतं गं?" आजोबांनी विचारलं.

"डोळा. त्यातून कोंब फुटतो."

"हिच्याही कांडीवर डोळे आहेत. त्यातून फूलही येऊ शकतं किंवा नवं रोपही. ते ठरतं हवामानावर. जंगलात ही फांदीवर राहते, मातीत नाही. पावसाळ्यात आपल्या आभासी कंदात (पाणी साठवणाऱ्या फुगीर खोडात) ती पाणी भरून घेते. पुढे पाऊस थांबतो, रात्री गार होतात, पानं गळतात. हा तिचा विश्रामकाळ (वाढ थांबवून तग धरायचा काळ). तो झाला की डोळ्यांतून कळ्या येतात. तुमच्या पेटीत मात्र बारमाही पावसाळा! मग ती वाढतच राहते, रोपंच काढते."

त्याच दिवशी आमरी गॅलरीत टांगली गेली. नवा कोंब निघेपर्यंत पाणी बंद झालं.

डिसेंबरात पानं पिवळी पडून गळाली. जानेवारीत नुसत्या काटक्या उरल्या. ढब्बू दिवसातून चारदा सांगे, "रोप धोक्यात आहे. पाणी देऊ?" एके दुपारी इरावतीलाच राहवलं नाही. फवाऱ्याची बाटली हातात घेऊनच तिने आजोबांना फोन लावला.

"आजोबा, ही मेली तर?"

"कांडी दाबून बघ. पोकळ लागते?"

"नाही, टणक आहे. पण सुरकुतलीय."

"मीही सुरकुतलोय. अजून आहे ना?"

इरावतीने बाटली खाली ठेवली.

जानेवारीच्या शेवटी ढब्बू धावत आला. "पाच डोळ्यांना सूज! पाणी न दिल्याचा परिणाम!"

तिने भिंग लावलं. गेल्या वर्षीचे कोंब टोकदार आणि हिरवे होते. हे गोल होते, टाचणीच्या डोक्याएवढे. ती ओरडलीच, "अरे वेड्या, कळ्या आहेत त्या!"

अठ्ठावीस फेब्रुवारीला केंद्रातल्या सुमेधाताई रोप परत न्यायला आल्या, तेव्हा बिनपानांच्या कांडीवर पाच पांढरी फुलं उघडली होती. त्यांनी हातातली रिकामी टोपली खाली ठेवली.

"पण कांडीला एक पान नाही! कसं जमवलंस?"

"ढब्बूला थांबवून," इरावती म्हणाली.

ताईंनी एका फुलातले पराग काडीने अलगद उचलून कुपीत ठेवले. आंबोलीत या जातीचं दुसरं रोप फुललं होतं. पराग तिथे जुळले, तर एका शेंगेत धुळीसारखं बारीक बी हजारोंनी धरेल. त्यातली काही रोपं पुन्हा जंगलातल्या फांद्यांवर चढतील.

"पुढच्या वर्षी बी रुजवायला येशील?"

"येईन की! सुट्टीतच ठेवा."

ताई गेल्यावर ढब्बू गॅलरीच्या दारात येऊन उभा राहिला. फवारा त्याने पाठीमागे धरला होता.

"नवा कोंब निघाला, की मगच पाणी, ना?" त्याने विचारलं.

"हो. आणि कोंब निघाला का, ते रोज बघायचं काम तुझं."

ढब्बूने फवारा जागेवर ठेवला आणि भिंग उचललं.