टाकीमागची बाग

रत्नमाला खरातचा माणसांवर फारसा विश्वास नव्हता, आकड्यांवर होता. माणूस डॉक्टरसमोर बसून बिडी सोडली म्हणतो आणि त्याच वेळी खिशातली काडीपेटी वाजते. आकडा बिचारा जसा असेल तसा समोर येतो. म्हणूनच छत्रपती संभाजीनगरातल्या बागा आणि त्यांच्या शेजाऱ्यांचे श्वास असा अभ्यास निघाला, तेव्हा विभागप्रमुख तनुजा मॅडमनी आकडेमोडीचं काम डोळे झाकून तिच्याकडे दिलं.

अभ्यास साधा होता. शहराच्या नकाशावर प्रत्येक सार्वजनिक बागेचा एक हिरवा ठिपका. ठिपक्याभोवतीच्या घरांत जाऊन पथकानं माणसांना एका नळीत जोरात फुंकायला लावलं होतं. फुप्फुसांत किती दम आहे ते त्यावरून कळतं. बाग जवळ असली की दम वाढतो का, एवढंच पाहायचं. ठिपके मात्र भलत्याच कोणीतरी दिवाळीच्या आसपास लावून दिले होते, आणि ते जागेवर आहेत की नाहीत हे बघायला कोणालाच सवड नव्हती.

निकाल आला तो एकाच बागेनं गाजवला. छावणीच्या पलीकडे, पडेगावच्या वाटेवरची 'टाकीमागची बाग'. तिच्या आसपासची म्हातारी माणसंसुद्धा पैलवानांसारखी फुंकत होती. मॅडम हरखून गेल्या. रत्नमालानं नकाशा मोठा करून पाहिला आणि तिच्या कपाळाला आठी पडली. ठिपका तिच्या आत्याच्या दाराला लागून होता, आणि आत्याच्या दाराशी बाग नव्हती. कधीच नव्हती.

घोटाळा कसा झाला ते तिला लगेच कळलं. या शहरात पत्ता सांगायचा तर लोक पाण्याची टाकी सांगतात, आणि त्या भागात टाक्या दोन. एक रोज भरणारी, तिच्यामागे खरी बाग. दुसरी बांधली, रंगवली, तिच्यापुढे नारळ फुटला, पण पाणी काही तिच्यात चढलं नाही. तिच्यामागे आत्याची मैत्रेयनगर कॉलनी आणि बागेसाठी सोडून दिलेला मुरमाड प्लॉट. ठिपके लावणारा कोरड्या टाकीमागे ठिपका लावून मोकळा झाला होता.

यात नवल काहीच नव्हतं. नवल हे होतं की दम वाढला होता तो ठिपक्याभोवती. खऱ्या बागेशेजारची माणसं 'बागेपासून लांब राहणारी' म्हणून मोजली गेली होती, आणि त्यांचे आकडे साऱ्या शहरात सगळ्यांत वाईट होते.

सोमवारी माहितीला कुलूप लागणार होतं. त्यानंतर कोणालाच काही बदलता येणार नव्हतं. शनिवारी भर दुपारी रत्नमाला स्कूटीवरून निघाली. मे महिना होता. सिग्नलला थांबलेली माणसं विजेच्या खांबाच्या सावलीत एकामागे एक उभी राहत होती. प्लॉटचा एक फोटो काढायचा, ठिपका खऱ्या जागी सरकवायचा आणि आत्याच्या हातची भाकरी खाऊन परत फिरायचं, असा तिचा बेत होता.

आत्या म्हणजे गोजरबाई, तिच्या वडिलांची थोरली बहीण. आई गेल्यावर हिनंच रत्नमालाला वाढवलं. दमा इतका जुना की आत्या आडवी होऊन झोपलेली रत्नमालानं कधी पाहिली नव्हती. रात्रभर भिंतीला टेकून बसायची, मुठीत पंप. गेल्या दसऱ्याला तर दवाखान्यात सगळे नातेवाईक निरोप घ्यायला जमले होते. दिवाळीनंतर मात्र तिला अचानक उतार पडला. नवं औषध लागू पडलं, असं रत्नमाला सगळ्यांना अभिमानानं सांगायची.

घराला कडी होती. आत्या समोरच्या उघड्या प्लॉटवर, भर उन्हात, जुन्या सिमेंटच्या बाकड्यावर चिंचा फोडत बसली होती.

रत्नमालानं स्कूटी तशीच सोडली. ती धावली, आणि प्लॉटच्या कडेचे दगड ओलांडताच तिचे पाय आपोआप थांबले. अंगावरचं ऊन उतरलं होतं. वर पाहिलं तर आभाळ तसंच पांढरं, सूर्य तसाच माथ्यावर, झाड एकही नाही. पण मानेवरचा घाम गार पडत चालला होता, आणि जिथं टँकरशिवाय पाण्याचं तोंड कोणी बघितलं नव्हतं तिथं ओल्या मातीचा वास येत होता.

"बस," आत्या म्हणाली. "हितं लई गार असतंय."

ती बसली. टाकीचा आडोसा असेल, खाली एखादा जुना झरा असेल, वारा तिकडून फिरत असेल, अशी कारणं तिनं मनात मांडायला घेतली. मग तिची नजर जमिनीकडे गेली आणि तिची कारणं तिथंच संपली.

मुरमावर सावल्या होत्या. लिंबाची बारीक पानांची सावली, हलणारी. पलीकडे वडाची, दाट, पारंब्यांसकट. वारा आला की सगळ्या एकदम डोलत, पण कसलाही आवाज होत नव्हता. रत्नमालानं हात पुढे धरला. तळहातावर पानांची नक्षी आली आणि सरकून मनगटावर गेली.

तिला भीती वाटायला हवी होती, पण वाटलं ते वेगळंच. लहानपणी आत्याचं बोट धरून ती वेरूळच्या लेण्यात पहिल्यांदा शिरली होती. अंधारात डोळे सरावले आणि समोर एवढा मोठा बुद्ध बसलेला दिसला, तेव्हा तिचा ऊर भरून आला होता आणि आपल्या बारीकशा पावलांचाही आवाज होऊ नये असं वाटलं होतं. आजही तसंच वाटलं. तिनं हळूच सँडल काढल्या.

"मानसं बी येतात," आत्या दबक्या आवाजात म्हणाली.

तीही दिसली. कडेवर मूल घेतलेल्या बाईची सावली वडाखालून गेली. एका पोरीची सावली झोक्यावर पुढं-मागं होत होती. झोका मात्र तिथं नव्हता. आत्याला त्यांची सवय झालेली दिसत होती. काठी टेकत येणारा एक म्हातारा रोज तिच्याशेजारी बाकड्यावर बसायचा, बोलणं नाही की चालणं नाही, पण सोबत होती, असं तिनं सांगितलं. अलीकडे तो यायचा थांबला होता, आणि तिला चुकल्यासारखं होत होतं.

खात्री केल्याशिवाय गप्प बसणं रत्नमालाच्या स्वभावात नव्हतं. तिनं फोनवर नकाशा उघडला, हिरव्या ठिपक्यावर बोट ठेवलं आणि तो खऱ्या टाकीमागे ओढला.

सावल्या गेल्या.

ऊन दोघींच्या अंगावर तापल्या तव्यासारखं आलं.

आत्याच्या हातातली चिंच पडली. तिनं श्वास घेतला, पण तो आत गेला नाही. छातीतून ती जुनी शिट्टी वाजली. हात कमरेची पिशवी चाचपू लागला. पंप जवळ ठेवणं तिनं केव्हाच सोडलं होतं. ओठ निळे पडायला लागले.

रत्नमालाच्या घामेजल्या बोटाला ठिपका सापडेना. सापडला. तिनं तो परत ओढला.

पानं हलली.

आत्यानं लांब श्वास घेतला, तांब्यातलं पाणी प्यायली आणि म्हणाली, "काय झालं गं माय एवढ्यात?"

ऊन लागलं असेल, असं रत्नमाला म्हणाली. आत्याशी ती पहिल्यांदाच खोटं बोलली असेल. फोटो काढायचा राहिला, भाकरीही राहिली.

परतताना तिनं वाट वाकडी केली. भरणाऱ्या टाकीमागची बाग हिरवीगार होती. फाटकाबाहेर, पत्र्याच्या खोलीच्या सावलीला, माळी साहेबराव बसला होता. बागेची ओळखच त्यानं तक्रारीनं करून दिली. माणसं येतात पण टेकत नाहीत, म्हणाला. दिवाळीपासून झाडांखाली बसवतच नाही. ज्यानं त्यानं खोकायचं आणि घरी जायचं. काठी टेकत येणारे एक गुरुजी तेवढे नेमानं बसायचे.

"आता येत नाहीत?" रत्नमालानं विचारलं.

"वारले की वो ताई. दम लागूनच गेले."

ती आत गेली. वड होता, पारंब्या होत्या, कुंपणाशी लिंब होता. वडाच्या बुंध्यापर्यंत सगळीकडे लख्ख ऊन पडलं होतं. झोक्यावर एक पोरगी बसली होती. तिच्या खालची माती कोरी होती.

रत्नमालानं फोन काढला. सोमवारपर्यंत वेळ होता. एका बाजूला ही पोरगी आणि दुसऱ्या बाजूला आत्या. तिचं बोट ठिपक्यावर टेकलं, आणि तेवढ्यात फोन वाजला. नकाशा झाकला जाऊन आत्याचं नाव आलं.

"रत्ने, तू गेली नाय व्हय?"

"गेले की. का गं?"

"मग बाकड्यापाशी तुझी सावली कशी उभी हाय?"

रत्नमालानं खाली पाहिलं. तिच्या पायांभोवती नुसतं ऊन होतं.

"आत्या," ती जपून म्हणाली, "श्वास कसा आहे तुझा?"

"लई मोकळा. तू हितं उभी राहिल्यापासनं तर आनखीनच."

रत्नमालानं झोक्यावरच्या पोरीकडे एकदा पाहिलं. मग तिनं फोन बंद करून पर्समध्ये टाकला, ठिपका होता तिथंच राहू दिला.

आणि तिला खोकला आला.