भिंतीवरची काच

दुर्गेश धावत शेजारच्या घरात शिरला तेव्हा समोर एक मुलगी तर्रीपोह्याची प्लेट धरून उभी होती, आणि प्लेटमध्ये भिंतीचा हा एवढा पोपडा!

"हे तुमचं आहे का?" तिनं विचारलं.

"हौ... म्हणजे भिंत दोघांची, पण पोपडा पाडला मी," तो म्हणाला आणि कानापर्यंत लाल झाला.

तो शेजारी नवं घर बांधत होता. कॉलमचा खड्डा खणताना मधल्या सामाईक भिंतीला तडा गेला. इंजिनिअरनं त्या मुलीच्या, म्हणजे रोशनीच्या घरात येऊन तड्यावर आडवी काचेची पट्टी चिकटवली. पट्टी टिकली तर तडा थांबला समजायचं, भरून वर गिलावा करायचा. फुटली तर भिंत अजून हलतेय. मग दुर्गेशनं आपलं काम थांबवून अख्खी भिंत स्वखर्चानं नवी बांधून द्यायची. इकडे त्याची आई भाड्याच्या खोलीत घराची वाट बघून कंटाळलेली!

झालं, पट्टी बघायला दुर्गेश रोज सकाळी हजर. काम क्षणाचं, पण रोशनीची आई अंजनाबाई चहा टाकायची, रोशनी ओले केस झटकत समोर बसायची, आणि हा गडी मुद्दाम चहा थंड होऊ द्यायचा.

"भिंत तिकडं आहे," ती म्हणायची.

"मले माहीत आहे."

"मग इकडं काय बघून राहिले?"

"तडा... कुठवर गेला ते."

ती ओठ दाबून हसायची. शेवटी इंजिनिअर म्हणाला, उद्या गिलावा करून टाका. दुर्गेशला आनंद व्हायला हवा होता, तर जीव उगाच खट्टू! आता कोणत्या तोंडानं जायचं तिच्याकडे?

सकाळी पाहतो तर पट्टीचे दोन तुकडे.

त्याचं डोकंच चालेना. तडा तर केसभरही वाढला नव्हता, मग काच फुटली कशी? आणि एवढं संकट कोसळल्यावर आपल्याला आतून बरं का वाटतंय?

"जबाबदारी माझी आहे," तो म्हणाला. "काम आजच थांबवतो. भिंत नवी बांधून देतो."

रोशनी खूश व्हायचं सोडून भडकली. "काहून बांधून देता? तुमच्या आईले अजून किती दिवस भाड्याच्या खोलीत ठेवता?"

"अहो, भिंत तुमची नवी होऊन राहिली, अन् तुम्हीच चिडता?"

"तुम्हाले काहीच समजत नाही का?"

"नाही ना बाप्पा! काच फुटली म्हणजे भिंत हलते—"

"नाही हलत!" तिनं ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं... सोडलं... "काच मी फोडली. लाटण्यानं."

"काहून?"

"गिलावा झाल्यावर तुम्ही आले असते का?"

 

"नसतो आलो," तो कसाबसा म्हणाला. "हिंमतच नसती झाली. पण उद्या येतो. आईले घेऊन."

"आईले काहून?"

"तुझ्या घरच्यांशी मले एकट्याले बोलता येणार नाही ना!"

'तुझ्या' हे तोंडातून निसटून गेलं होतं. ते रोशनीनं बरोबर ऐकलं. तिनं मान खाली घातली आणि हळूच म्हणाली, "लवकर या मग."