दोन तासांचं पुस्तक

रसायनशास्त्राचं ते जाडजूड पुस्तक काउंटरवर होतं एकच, आणि हात पडले दोन.

"दोनच तास मिळतं, आणि ग्रंथालयाबाहेर न्यायचं नाही," ग्रंथपाल बाई म्हणाल्या. "भांडणार असाल तर बाहेर भांडा. नाहीतर एका टेबलावर बसा."

बाहेर सुवा शहरातला पाऊस तिसऱ्या दिवशीही थांबला नव्हता. दोघं एका टेबलावर बसली.

अलुमिताला कॉलेजात येऊन सहा आठवडे झाले होते. कांदावू बेटावरच्या तिच्या शाळेला विज्ञानाचे मास्तरच नव्हते. ते आपण व्हायचं, म्हणून ती शिष्यवृत्तीवर इथे आली होती. राहायची मावशीकडे. पहाटे चारला उठून कसाव्याचे कंद सोलायचे, उकडायचे, भावंडांचे डबे भरायचे, मग दोन बस बदलून वर्गात. पहिल्या चाचणीत शंभरात अडतीस पडले होते. शेवटच्या परीक्षेत नापास झाली, तर शिष्यवृत्ती बंद आणि परतीची बोट.

शेजारच्या मुलानं पान उलटायला बोट लावलं. "झालं?"

"नाही... तुझं?"

"माझंही नाही. तुझं झालं असेल असं वाटलं, म्हणून मी झाल्याचं सोंग केलं."

ती हसली. किती दिवसांनी!

तो शालविन, लंबासाच्या उसाच्या मळ्यांतला. हाच विषय दुसऱ्यांदा करत होता. "नापास कसं व्हायचं ते विचार, सगळं पाठ आहे," म्हणायचा.

मग रोज तीन ते पाच, ते टेबल आणि ती दोघं. कधी ती वाचता वाचता पेंगायची. तो हलवायचा नाही, फक्त पुस्तक आपल्याकडे ओढून तिच्यासाठी टिपणं काढायचा. जागी झाली की म्हणायचा, "घोरत नव्हतीस. जवळजवळ."

पण द्रावणांची गणितं काही सुटेनात.

"सरांना विचार ना."

"मोठ्यांना उलट प्रश्न? आमच्याकडे नाही विचारत."

"मग चल, मी विचारतो. तू नुसती उभी राहा."

सरांच्या दारात शालविननं इतका बाळबोध प्रश्न विचारला की सरांनी कपाळाला हात लावला. पण पहिल्यापासून सगळं समजावलं. शेवटी अलुमिताच्या तोंडूनही एक प्रश्न निसटला... मग दुसरा.

बाहेर आल्यावर ती थबकली. "हे गणित काल तूच सोडवलं होतंस."

"हो."

"मग सरांसमोर येत नाही म्हणून का सांगितलंस?"

तो छत्रीची काडी सरळ करत राहिला. "तू विचारणार नव्हतीस—"

त्या संध्याकाळी तिनं मावशीला सांगितलं, सकाळचे दोन तास मला अभ्यासाला हवेत. मावशी फणफणली. पण दुसऱ्या दिवशी कसाव्याची टोपली तिनं स्वतःच्या मुलीपुढे ठेवली.

शेवटचा पेपर संपला तेव्हा अलुमिताला उभंही राहवत नव्हतं. बसथांब्यावर शालविन म्हणाला, "मला तुला एक—"

"आज नको रे. आज मला काही कळायचं नाही. डोळे मिटतायत."

बस आली. ती बसली आणि खिडकीला टेकून खरंच झोपली. सुट्टी लागली; तो लंबासाला गेला, ती कांदावूला.

निकाल लागला त्या सकाळी ती गावामागची टेकडी चढली. फोनला रेंज तिथेच यायची.

"सदुसष्ट!" तिनं फोन लावताच शालविन ओरडला. "तुझाच आकडा आधी बघितला मी."

"आणि तुझा?"

"अठ्ठावन्न. सुटलो एकदाचा."

ती मटकन गवतात बसली. थोडं रडूही आलं.

"अलुमिता? दमलीस?"

"चढ आहे... बसथांब्यावर काय सांगणार होतास?"

"ते... फेब्रुवारीत दुसरे विषय असतील आपले. तरी तू शेजारी बसलीस, तर—"

"एवढंच?"

"नाही. बाकीचं फोनवर म्हणायला लाज वाटते."

"वाऱ्याशिवाय इथे कुणी नाही. मीच म्हणते." आणि तिनं म्हटलं; सरळ, मोठ्यानं, न अडखळता.

पलीकडून एक भिजलेलं हसू आलं. "पुन्हा म्हण ना."

खालून आई हाका मारत होती. अलुमितानं ओ दिली नाही. गवतात आडवी झाली, आणि पुन्हा म्हणाली.