शिवलिंगअप्पाची दस्ती

लाईट गेलीय तर जाऊ द्या, तासभर तरी ती काही येत नाही. सत्यम, मोबाइलचा उजेड बंद कर. आणि ऋतुजा, भीती वाटत असेल तर आताच खाली जा. मधेच उठलीस तर जिन्यात एकटीच असशील. ही गोष्ट मी कुठं वाचलेली नाही. शेषेराव माझ्या ओळखीचा, आणि बसम्मा तर आपल्याच गल्लीत राहते.

लातूरच्या बाहेर छोट्या रेल्वेचा जुना कारखाना होता ना, हो, तेच ते मंगल कार्यालय. आज जिथं वऱ्हाडाच्या पंगती बसतात, तिथं एके काळी वाफेची इंजिनं दुरुस्तीला उघडून ठेवलेली असत. छोटी गाडी बंद झाली, कारखान्याला कुलूप लागलं, पत्र्याखाली कबुतरं तेवढी राहिली. पुढं कुणीतरी जागा भाड्यानं घेतली, फरशी घातली, झुंबरं टांगली. एक इंजिन हिरवा रंग देऊन दारात ठेवलं. नवरा-नवरी त्याच्यापुढं फोटो काढतात. शेषेराव कंधारकडचा. तरुणपणी त्याच कारखान्यात होता, म्हातारपणी तिथंच राखणीला लागला. "तुझा काही त्या लोखंडातून जीव निघत नाही," असं आम्ही त्याला चिडवायचो. तो हसायचा नाही.

गेल्या वर्षी अक्षय्य तृतीयेला तिथं मोठं लग्न होतं. नवरीच्या एन्ट्रीला इंजिनातून खराखुरा धूर निघालाच पाहिजे, असा मालकाचा हट्ट. आदल्या रात्री तो शेषेरावला म्हणाला, "मामा, तुमी जुने जाणते. मांडववाले झोपले की एकदा भट्टी पेटवून बघा. उद्या फजिती नको." काम साधंच. तेलात भिजवलेल्या चिंध्यांचा बोळा पेटवून आत टाकायचा, वर चार गोवऱ्या, झालं. शेषेराव "हाव" म्हणाला खरा, पण इंजिनाकडं त्यानं पाहिलं नाही. त्या इंजिनाची भट्टी त्यानं शेवटची पेटवली, तेव्हा आत शिवलिंगअप्पा होता.

शिवलिंगअप्पा म्हणजे बसम्माचा नवरा. अंगानं किडकिडीत, म्हणून भट्टीत शिरून दुरुस्ती करायचं काम त्याच्याकडंच. कारखान्याचा एक दंडक होता. आत जाणाऱ्यानं आपल्या खांद्यावरची दस्ती, म्हणजे मोठा रुमाल, इंजिनाच्या दांड्याला बांधायची, आणि बाहेर आल्यावर सोडायची ती त्यानंच. दुसऱ्यानं तिला हात लावायचा नाही. दस्ती आहे तोवर इंजिनात विस्तव जायचा नाही. दस्त्यांची अदलाबदल होऊ नये म्हणून बसम्मानं नवऱ्याच्या दस्तीच्या कोपऱ्यात निळा धागा भरला होता.

वाफेची इंजिनं बंद व्हायच्या आधीचा तो शेवटचा हिवाळा. रातपाळी संपत आलेली, शेषेरावच्या डोळ्यांत झोप. दुसऱ्या इंजिनातले निखारे फावड्यावर घेऊन तो वर चढला. फावडं हाताला चटके देत होतं. ते क्षणभर टेकवून त्यानं समोर दिसलं ते कापड ओढलं, हाताला गुंडाळलं आणि निखारे भट्टीत फेकले. आतल्या तेलकट चिंध्या भडकल्या. त्या उजेडात हाताला गुंडाळलेल्या कापडावरचा निळा धागा त्याला दिसला, आणि आतून अप्पाची आरोळी आली.

घाबरून त्यानं ती दस्ती त्याच आगीत टाकली. साहेबांनी चौकशीत विचारलं, दांड्याला दस्ती होती का? तो "नव्हती" म्हणाला. मग काय, मेलेल्याचाच निष्काळजीपणा ठरला. पुढं शेषेरावनं बसम्माच्या घरी पाणी भरलं, तिच्या लेकीच्या लग्नात तो गड्यासारखा राबला. पण ती भेटली की विचारायची, "भावजी, खरंच बांधली नव्हती का हो?" आणि हा दर वेळी खाली बघून म्हणायचा, "न्हाई, वहिनी."

तर ती आदली रात्र. दोन वाजून गेले होते. बीजेची कोर कधीच मावळली होती. मांडववाले खुर्च्यांच्या ढिगाआड घोरत होते. शेषेराव काडेपेटी घेऊन इंजिनावर चढला. बॅटरीचा झोत दांड्यावर पडला.

दांड्याला दस्ती होती.

लाल चौकड्यांची. गाठ मारलेली.

मांडववाल्या पोरांची असेल, त्यानं मनाला समजावलं. गाठ सोडली. कापड ओलं लागलं. घामाचा वास आला. दस्ती बाजूला ठेवून तो खाली वाकला. काडी ओढली... विझली. दुसरी ओढली... तीही विझली. वारा तर नव्हता.

त्यानं वर पाहिलं.

दस्ती दांड्यावर. गाठ आवळलेली.

कोपऱ्यात... निळा धागा.

"अप्पा...?"

आणि मग... भट्टीत कुणीतरी खोकललं.

शेषेरावला पळावंसं वाटलं. पण एकदा तो खोटं बोलून पळाला होता, आता कुठं पळणार? त्यानं भट्टीचं दार ओढलं. आत झोत टाकला.

एक तोंड. डोळे मिटलेले.

मग डोळे उघडले. "कोण हाय? मामा?"

वैजनाथ होता, लाइटिंगवाला. धुराचं त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. लाल दिवे लावायला आत शिरला, बाहेर डास फार म्हणून तिथंच आडवा झाला. शेषेरावनं त्याला दंडाला धरून बाहेर ओढलं आणि मिठी मारून ढसाढसा रडला.

"ही दस्ती तू बांधलीस?"

"कसली दस्ती? माझ्याकडं साधा रुमाल बी न्हाई, मामा."

उजाडता उजाडता शेषेराव आपल्या गल्लीत आला. बसम्मा दारात सडा टाकत होती. मी दूध घेऊन परतत होतो, त्यामुळं पुढचं माझ्या कानांनी ऐकलेलं. उंबऱ्याबाहेर उभं राहूनच त्यानं सगळं सांगितलं. दस्ती तिच्या हातात दिली.

ती रडली नाही. त्याला शिव्याही दिल्या नाहीत. अंगठ्यानं निळा धागा चाचपत राहिली.

"म्हंजे त्येनं बांधली होती."

"हाव, वहिनी."

"भावजी, इतकी वर्षं मी फोटोपुढं दिवा लावते, आन् रोज त्यालाच बोलते. म्हन्ते, एक गाठ मारायला जड झालं तुला? माझी, लेकरायची आठवण न्हाई आली? आता त्याची माफी कोन्त्या तोंडानं मागू, सांगा."

ती त्याला बस म्हणाली नाही, जा म्हणाली नाही. तो तसाच ऊन चढेपर्यंत उभा होता. अजूनही रोज सकाळी येतो, तिथंच उभा राहतो, निघून जातो.

बसम्मानं ती दस्ती अंगणात दोरीवर वाळत घातली. आपल्याकडचं वैशाखाचं ऊन तुम्हाला ठाऊक आहे. बादली ठेवून मागं वळेपर्यंत सडा वाळतो. दस्ती संध्याकाळी ओलीच होती. दुसऱ्या दिवशीही ओलीच.

वर्ष झालं त्याला. अजून दोरीवरच आहे. उद्या सकाळी क्लासला जाताना हात लावून बघा.